दिवे मालवले की झिपरी रडायला लागते

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी तीन वर्षांची कुत्री आहे. तिचं खरं नाव वेगळं, इथे तिला आपण झिपरी म्हणू. अडीच महिन्यांची असल्यापासून झिपरी क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यासाठीच्या गजांच्या पिंजऱ्यात, झोपते. ‘जा आत’ म्हटलं की आपणहून जाते, गोल फिरून बसते. आजवर कधी कटकट नव्हती. गेल्या दीड महिन्यापासून मात्र रात्री साडेअकराला दिवे मालवले की तिची कुंईकुंई सुरू होते, ती अर्धा-पाऊण तास चालते. पहाटे चारच्या सुमाराला पुन्हा तेच. मिस्टर उठून क्रेटवर थाप मारतात आणि ‘गप्प!’ म्हणून ओरडतात, की तेवढ्यापुरती ती थांबते. वाचक भगिनी कधी कानावर उशी घेऊन पडून राहतात, कधी न राहवून तिच्याशेजारी जाऊन बसतात. चौदा वर्षांचा मुलगा तिला गुपचूप बाहेर काढताना दोनदा सापडला, त्यावरून घरात बोलाचाली झाली. खालच्या मजल्यावरच्यांनीही तक्रार केली आहे. त्या विचारतात, ‘क्रेटची इतकी चांगली सवय असलेली कुत्री अशी नाटकं का करायला लागली? रडणं थांबवायचा खात्रीचा उपाय सांगा. आम्ही एकदा नमतं घेतलं की ती कायमची डोक्यावर बसेल, याची धास्ती वाटते.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि दोन वाक्यांखाली रेघ मारली. पहिलं असं: ‘मिस्टरांना हल्ली पहाटे साडेचारला उठावं लागतं, त्यांची झोपमोड नको म्हणून क्रेट बेडरूममधून हॉलमध्ये हलवला, बाकी घरात काहीच बदललेलं नाही.’ आणि दुसरं: ‘दिवसा नऊ ते साडेपाच घरी कोणी नसतं तेव्हाही ती क्रेटमध्येच असते, पण त्याचा तिला कधी त्रास झाला नाही.’ दोन्ही वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला त्यांच्यातच दिसतं.

आपल्या दृष्टीने क्रेट ही एक वस्तू. इथून उचलली, तिथे ठेवली, झालं. झिपरीचं तसं नाही. अडीच महिन्यांची असल्यापासून ती तुमच्या पलंगाशेजारी झोपत आली. तुमचा श्वास, कूस बदलली की होणारी पलंगाची करकर, तुमच्या पांघरुणाचा वास, या सगळ्यात तिचे डोळे मिटायचे. ते सगळं एका रात्रीत गेलं आणि हातात राहिला नुसता क्रेट. तिला क्रेटची सवय आहे असं तुम्ही म्हणता. मी म्हणेन, तिला तुमच्याशेजारच्या क्रेटची सवय आहे. अंधाऱ्या हॉलमध्ये, बंद दाराच्या अलीकडे एकटीने झोपायची सवय तिला कुणी लावलेलीच नाही. ‘क्रेट-ट्रेन्ड’ या शब्दाने आपण फसतो. कुत्रं आत जातं, एवढंच त्या शब्दावरून कळतं. आत गेल्यावर त्याला कसं वाटतं, ते कळत नाही.

म्हणून ‘नाटक’ हा शब्द आधी बाजूला ठेवू या. मेंदूतल्या भावनांचा आयुष्यभर अभ्यास केलेले याक पँकसेप (१९४३–२०१७) नावाचे शास्त्रज्ञ होते. आपल्या माणसापासून ताटातूट झाली की सस्तन प्राण्यांच्या मेंदूत एक ठरावीक यंत्रणा जागी होते आणि तिच्यातूनच ते रडणं येतं, असं त्यांनी दाखवून दिलं. कुत्र्याच्या पिल्लात ती असते आणि माणसाच्या बाळातही. ती हट्टाची यंत्रणा नव्हे. कळपात राहणाऱ्या प्राण्याने ‘मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात?’ असं विचारण्यासाठी ती आहे. झिपरी तुम्हाला हरवायला बसलेली नाही, ताई. ती तुम्हाला शोधते आहे.

आता थापेबद्दल. तुमच्या मिस्टरांचा मला राग येत नाही. साडेचारला उठणाऱ्या माणसाची पहिली झोप मोडली की त्याचं डोकं फिरणारच. पण थाप मारल्यावर जे होतं ते नीट बघा. आवाज थांबतो, रडू थांबत नाही. दहा मिनिटांनी ती पुन्हा सुरू होते, यावरूनच ते कळतं. आणि समजा ती पुन्हा सुरू झालीच नाही, तर मला जास्त काळजी वाटेल. घाबरून गप्प झालेलं कुत्रं आणि निवांत झोपलेलं कुत्रं अंधारात सारखंच ऐकू येतं. शिवाय ज्या जागेत तिला सुरक्षित वाटायला हवं, तिच्याच छपरावर रात्री धाडकन आवाज होतो, हे ती विसरणार नाही. भुंकण्यावर झटका देणारे किंवा तोंडावर फवारा मारणारे पट्टे मिळतात, त्यांचंही हेच. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की कुत्र्यांना शिकवताना बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, शिक्षेच्या नकोत. मला ती मनापासून पटते. थाप आजपासून बंद, एवढं पहिलं काम करा.

दुसरं काम डॉक्टरांचं. आधीची चांगली सवय असताना कुत्रं अचानक रात्री रडायला लागलं, तर दुखणं नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय शिकवण्याचा एकही प्रयोग करू नये. हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्याकडे एक कुत्रा होता, तेव्हा अकरा वर्षांचा. तोही रात्री कण्हायला लागला. ज्यांना विचारलं त्यांनी ‘अजिबात लक्ष देऊ नका, चार दिवसांत बंद होईल’ असं सांगितलं. आम्ही चार रात्री मन घट्ट केलं. पाचव्या दिवशी पहाटे दिवा लावला तर क्रेटच्या तळाच्या ट्रेच्या एका कोपऱ्यात लघवीचं छोटंसं थारोळं होतं, रंगाला गुलाबीसर. आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात गजांना अंग चिकटवून उभा होता. ओल्या गादीवर पाय पडू नये म्हणून पुढचा एक पंजा त्याने वर उचलून धरला होता. त्याला लघवीचा संसर्ग झाला होता. औषधाने बरा झाला, पण तो उचललेला पंजा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चार रात्री तो आम्हाला हाका मारत होता.

झिपरी मादी आहे आणि माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग जास्त आढळतो. तेव्हा लघवी तपासून घ्या. कान, दात, पोट, कंबर आणि मागचे पाय डॉक्टरांना दाखवा. तिला खाज सुटते का, पाणी नेहमीपेक्षा जास्त पिते का, तेही सांगा. सगळं ठीक निघालं तर उत्तमच. पुढचं सगळं निर्धास्तपणे करता येईल.

आता रडण्याकडे वळू. तुम्ही ते एकच रडणं धरून चाललात. मला ती दोन वेगळी वाटतात.

साडेअकराचं रडणं दिवे मालवले, बेडरूमचं दार लागलं की सुरू होतं. ते ताटातुटीचं आहे, हे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकते. चारचं मात्र वेगळं असावं. तुम्हीच लिहिलं आहे की मिस्टर उठले की आधी तिला खाली नेऊन आणतात आणि मग ती पुन्हा आत जाते. म्हणजे गेला दीड महिना रोज पहाटे साडेचारला क्रेटचं दार उघडतं, आवडता माणूस दिसतो, बाहेरची हवा मिळते. कुत्र्याला घड्याळ कळत नाही, पण रोजची वेळ त्याच्या अंगात चटकन मुरते. चार वाजता ती वाट बघायला लागते. थोडी लघवी, थोडी आशा. ती रडते आणि काही वेळाने दार उघडतं. दार अलार्ममुळे उघडतं हे तिला कसं कळणार? तिच्या दृष्टीने ते तिच्या रडण्याने उघडलं.

दोन रडण्यांना उपायही दोन.

पण त्याआधी ‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याबद्दल बोलायला हवं, कारण तो तुम्हाला चहूकडून मिळत असणार. तो सल्ला अगदीच खोटा नाही. कुत्र्याचं पोट भरलंय, शी-शू झालीय, दुखत-खुपत काही नाही, भीती नाही, त्याला केवळ तुमच्याशी खेळायचंय आणि त्यासाठी ते कुरकुरतंय, अशा वेळी तो लागू पडतो. तिथेही दोन अटी आहेत. घरातल्या प्रत्येकाने तो पाळायला हवा आणि एकदाही मोडता कामा नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं प्रचंड काम प्रसिद्ध केलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: कळ टोचली की दरवेळी दाणा मिळणाऱ्यापेक्षा कधी मिळणारा, कधी न मिळणारा पक्षी, दाणे बंद झाल्यावर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतो. तुमच्या घरात नेमकं हेच चाललंय. मिस्टर ओरडतात, तुम्ही कधी जाता, कधी जात नाही, मुलगा कधी कडी काढतो. रडणं चिवट करायचं असतं तर याहून चांगली युक्ती सापडली नसती. यात कुणा एकाची चूक नाही. तिघं तीन वाटांनी गेलात, एवढंच. त्यात आणखी एक मेख आहे. दुर्लक्ष सुरू केलं की रडणं कमी होण्याआधी वाढतं, चांगलं जोरात वाढतं. नेमकं तेव्हाच खालच्या मजल्यावरून फोन येतो, माणूस उठतो आणि कुत्री शिकते की एवढ्या जोरात रडावं लागतं.

आणि रडणं ताटातुटीचं असेल तर दुर्लक्ष करूच नये. घाबरलेल्याला एकटं ठेवून त्याची भीती जात नाही. ‘जवळ गेलो तर रडायला उत्तेजन मिळेल’ ही धास्ती इथे गैरलागू आहे. धीर दिल्याने भीती वाढत नाही. रडण्याची सवय मात्र लागू शकते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यावर तोडगा एकच: तिला जे हवंय ते तिने रडण्याआधी द्यायचं. मग रडण्याचं कारणच उरत नाही आणि नमतं घेतलं, की नाही घेतलं, हा हिशोबही उरत नाही.

तर साडेअकरासाठी: क्रेट बेडरूममध्ये परत आणा. हो, परत. मिस्टरांची झोप हा अडसर आहे, तो मी विसरलेले नाही. पण आत्ता त्यांची झोप होते आहे का? रोज पाऊण तास रडणं आणि मधूनमधून उठून थाप मारणं, यापेक्षा शेजारी शांत झोपलेली कुत्री त्यांना जड जाणार नाही. गजांचा, पत्र्याच्या ट्रेचा खडखडाट होत असेल तर ट्रेखाली जाड सतरंजी घाला. गळ्यातला पट्टा क्रेटमध्ये तसाही काढूनच ठेवायचा असतो. तो गजात अडकून फास बसू शकतो. तो काढला की बिल्ल्याची किणकिणही जाते. आठ-दहा रात्री शांत गेल्या की क्रेट एक-दीड फूट दाराकडे सरकवा. तीन-चार रात्री तिथे. मग आणखी फूटभर. मग उंबऱ्यात, दार उघडं ठेवून. मग पलीकडे. एखाद्या रात्री ती कुरकुरली तर घाई झाली असं समजा आणि क्रेट आधीच्या जागेवर न्या. महिना लागेल, दोनही लागतील. कदाचित उंबऱ्यापर्यंत आल्यावर तुम्हाला वाटेल, इथेच बरी आहे. तसं वाटलं तर तिथेच ठेवा.

चारसाठी: पुढचे काही दिवस तिच्या आधी उठा. ती चारला रडत असेल तर पावणेचारचा अलार्म लावा. काही न बोलता, मोठा दिवा न लावता पट्टा अडकवून तिला लघवीला न्या आणि परत आणून झोपवा. खेळ नाही, लाड नाही, खाऊ नाही. चार-पाच दिवस ती रडण्याआधीच हे होत राहिलं की अलार्म रोज पाच-दहा मिनिटांनी पुढे सरकवा. सरकत सरकत तो मिस्टरांच्या साडेचारला जाऊन मिळेल, आणि मग ही फेरी त्यांनीच करायची, तशीच मुक्याने. रात्रीची शेवटची फेरीही आत्ता होते त्यापेक्षा उशिरा, झोपायच्या अगदी आधी करा. फेरी म्हणजे नुसतं लघवी करून परत येणं नव्हे. पाच-दहा मिनिटं तिला मनसोक्त हुंगू द्या. हुंगण्याने कुत्रं जेवढं निवतं तेवढं पळवून निवत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता ते दुसरं रेघ मारलेलं वाक्य. हे लिहिताना मी जरा थबकले, कारण ते तुम्हाला बोचेल. पण झिपरीसाठी ते लिहायलाच हवं. नऊ ते साडेपाच म्हणजे साडेआठ तास. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा, मधली फेरी सोडली तर सहा तास. मिळून साडेचौदा. दिवसाच्या चोवीस तासांपैकी निम्म्याहून जास्त वेळ ती जेमतेम उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढ्या जागेत असते. तिला त्याचा त्रास झाला नाही, असं तुम्ही म्हणता. तिने तक्रार केली नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.

कुत्र्याला गुहेत राहायची निसर्गतःच आवड असते, म्हणून क्रेट त्याला घरासारखा वाटतो, असं सर्रास सांगितलं जातं. लांडगे गुहा वापरतात ती पिल्लं वाढवायला. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की ती गुहा सोडतात आणि पुढे सगळे उघड्यावर झोपतात. शिवाय गुहेला कडी नसते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर कुत्र्याला घरात रोजच्या रोज पिंजऱ्यात कोंडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे; प्रवास, आजारपण अशा तात्पुरत्या कारणांपुरती सूट मिळते. तिथली माणसंही कामावर जातात आणि कुत्री पाळतात. मी क्रेटच्या विरोधात नाही. प्रवासात, शस्त्रक्रियेनंतर, पिल्लाला शी-शूची शिस्त लावताना तो फार उपयोगी पडतो. पण तो कामापुरता असावा.

झिपरीला दिवसा कडी का लागते, याचं कारण तुम्ही लिहिलं आहे: वर्षाची असताना तिने सोफ्याचा कोपरा कुरतडला होता. ताई, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा ती वयात येणारी कुत्री होती, आता ती प्रौढ आहे. तिला पुन्हा एक संधी द्या. एखादी खोली मोकळी करा. वायरी, चपला, औषधं उचलून ठेवा. दारात लहान मुलांसाठी लावतात तसं छोटं फाटक लावा. क्रेट दार सताड उघडं ठेवून आतच असू द्या. सुरुवात सुट्टीच्या दिवशी, दहा मिनिटांपासून करा. दुपारी कुणी येऊन तिला एकदा खाली नेऊ शकलं तर सोन्याहून पिवळं. साडेआठ तास लघवी रोखायला लावणं, लावता येतं म्हणून लावू नये.

हे करताना फोन खोलीत रेकॉर्डिंगवर ठेवून बाहेर पडा. त्या व्हिडिओत काय बघायचं ते सांगते, कारण ‘ती बसून होती’ एवढ्याने भागत नाही. बसण्याच्याही तऱ्हा असतात. पुढचे पाय सरळ समोर, मान ताठ, कान दाराकडे, मागचे दोन्ही पाय अंगाखाली सारखे दुमडलेले, म्हणजे उठायच्या तयारीत. ही बसलेली कुत्री वाट बघते आहे. मग कधीतरी तिची कंबर एका बाजूला कलते, मागचा एक पाय अंगाखालून बाहेर पडतो, हनुवटी जमिनीला टेकते आणि मोठा सुस्कारा ऐकू येतो. ती कलती कंबर आपल्याला हवी आहे. क्रेटमध्येही हीच खूण धरून चाला.

कडीचा सरावही नव्याने करा, कारण थापांमुळे ती जागा आता थोडी नासली आहे. दिवसा, तुम्ही समोर असताना, ती आत असेल तेव्हा कडीला नुसतं बोट लावा आणि आवडीचा खाऊ द्या. मग कडी हलवा, खाऊ. मग कडी लावून लगेच काढा, खाऊ. मग दोन सेकंद, पाच, दहा. तिने तोंड उघडायच्या आधी दार उघडायचं, हे सांभाळा. चाटायला, चघळायला काही भरलेलं रबरी खेळणं दिलं तर उत्तम. चाटण्या-चघळण्याने कुत्री शांत होतात. एका वेळी पाच मिनिटांहून जास्त नको. दिवसातून दोनदा चालेल, आणि कंटाळा आला तर एखादा दिवस राहिला तरी चालेल.

एका गोष्टीची मात्र गय करू नका. व्हिडिओत ती सतत धापा टाकताना दिसली, लाळेने छाती भिजली असेल, गज चावत असेल, नखांतून रक्त आलं असेल किंवा एकटी असताना तिथेच शी-शू केली असेल, तर हे साधं रडणं नाही. ती एकटेपणाची तीव्र भीती आहे. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करणं धोक्याचं; दात तुटेपर्यंत गज चावणारी कुत्री असतात. तेव्हा क्रेटचं दार उघडा आणि प्राण्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यांकडे जा. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधं यासाठी दिली जातात, आणि शिकवण्याबरोबर दिली तर त्यांचा उपयोग होतो. ती डॉक्टरांनीच वजन बघून लिहून द्यायची. घरातल्या माणसांची गोळी अर्धी करून देण्याचा विचार कुणीही मनात आणू नये.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी झिपरीपेक्षा लहान किंवा मोठं कुत्रं असेल, त्यांच्यासाठी थोडं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. साधारण तितकेच तास ते लघवी रोखू शकतं, फार तर. दोन महिन्यांचं पिल्लू रात्री दोनदा-तीनदा रडून उठवणारच आणि त्याला उठून न्यायलाच हवं. ते आईजवळून, भावंडांच्या उबेतून नुकतंच आलेलं असतं. त्याच्या पहिल्या रात्री हॉलमध्ये काढायला लावू नका. क्रेट पलंगाला लावून ठेवा, हात खाली सोडला तर बोटं हुंगता येतील इतका जवळ. नऊ-दहा वर्षांपुढचं कुत्रं रात्री रडायला लागलं तर सांधे, नजर आणि ऐकणं तपासा. म्हातारपणी मेंदू थकतो, दिवस-रात्रीची गल्लत होते, ओळखीच्या घरात ते भांबावतं. त्यावर डॉक्टरांकडे इलाज असतात, आणि एक मंद दिवा रात्रभर तेवत ठेवला तरी त्याला आधार वाटतो. नुकतंच दत्तक घेतलेलं कुत्रं असेल तर ते याआधी कुठे आणि कसं कोंडलं गेलं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. त्याच्यासाठी आधी नुसती गादी टाका, क्रेटचं नंतर बघू. आणि झोपेत पाय हलवत बारीक कुंईकुंई करणाऱ्या कुत्र्याला उठवू नका, ते स्वप्नात आहे.

खालच्या मजल्यावरच्यांना तुम्हीच जाऊन भेटा, त्यांच्या पुढच्या फोनची वाट बघू नका. तिला डॉक्टरांना दाखवलंय, क्रेट आत घेतलाय, दोन-तीन आठवड्यांत फरक पडेल, एवढं सांगा. आवाज नेमका किती वाजता ऐकू आला ते त्यांनाच टिपून ठेवायला सांगितलंत तर तुम्हालाही मदत होईल.

आणि शेवटी तुमच्या मुलाबद्दल. त्याने गुपचूप कडी काढली म्हणून तुम्ही रागावलात. आता त्याला जवळ बसवा आणि न रागावता एक प्रश्न विचारा: बाहेर काढल्यावर झिपरी आधी कुठे गेली? घराच्या दाराकडे धावली असेल तर तिला लघवीला जायचं होतं. पाण्याच्या भांड्याकडे गेली असेल तर तहान लागली होती, आणि फार पाणी प्यायली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. जागच्या जागी फिरत, चाटत, खाजवत राहिली असेल तर काहीतरी दुखतंय-खुपतंय. आणि बेडरूमच्या बंद दाराशी जाऊन, फटीला नाक लावून आडवी झाली असेल, तर क्रेट कुठे ठेवायचा ते तिनेच सांगितलंय. हे त्या घरात फक्त त्याने पाहिलंय. त्याला एक वही द्या, पुढचे पंधरा दिवस वेळा आणि खुणा लिहायचं काम त्याच्याकडे सोपवा, आणि ती वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.